स्क्रॅपिंगमध्ये (वेबसाइटवरची माहिती प्रोग्रामनं उचलण्यात) एका जॉबच्या पोटात दुसरा जॉब चालवताना डेटा का बिघडतो?

तुम्ही आधी जिल्ह्यांची यादी उघडता, मग प्रत्येक जिल्ह्यातल्या बाजार समित्या आणि शेवटी प्रत्येक समितीचे रोजचे भाव. असा जॉबमध्ये जॉब चालवला की काही ओळी गायब होतात आणि काही भलत्याच समितीच्या नावावर येतात, असं तुमचं म्हणणं.

मी लातूरला राहतो. एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले सोयाबीन आणि तुरीचे भाव गोळा करतो. पहिल्याच हंगामात माझ्याकडे उदगीरचा सर्वसाधारण दर औशाच्या नावावर लागला होता. भाव बघून लोक माल कुठं न्यायचा ते ठरवतात, म्हणून ही चूक मला फार लागली.

तुम्ही स्क्रेपी (Scrapy, पायथॉनमधलं स्क्रॅपिंगचं साधन) वापरता, तर आधी आयटमची, म्हणजे भावाच्या एका ओळीची, डिक्शनरी कुठं तयार होते ते बघा. लूपच्या बाहेर एकच डिक्शनरी करून आत फक्त समितीचं नाव बदलत असाल, तर घोळ तिथंच आहे. विनंती पाठवली की उत्तर लगेच येत नाही. उत्तरं यायला लागतात तोवर लूप पुढं गेलेला असतो, आणि सगळ्या ओळींना नंतरच्या समितीचं नाव चिकटतं. १.७ आवृत्तीपासून विनंतीसोबत सीबी-क्वार्ग्ज (cb_kwargs, उत्तर हाताळणाऱ्या फंक्शनला द्यायची मूल्यं) देता येतात. जिल्हा आणि समिती त्यातून सुटी मूल्यं म्हणून पाठवा. तीच डिक्शनरी तिथून पाठवली तर काही सुधारणार नाही.

ओळी गायब होण्यामागं बहुतेक वेळा डुप्लिकेट फिल्टर असतो, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तर ती टाकून देणारी स्क्रेपीची सोय. काही साइटवर जिल्हा निवडला की तो सेशनमध्ये (साइटनं कुकीवरून तुमच्यासाठी ठेवलेल्या नोंदीत) राहतो आणि भावाच्या पानाचा पत्ता सगळ्यांना एकच असतो. फिल्टर कुकी बघत नाही, त्यामुळे दुसरी विनंती त्याला जुनीच वाटते आणि तो ती टाकून देतो. विनंतीला डोन्ट-फिल्टर (dont_filter, फिल्टर टाळणारा पर्याय) लावलं की विनंती जाते, पण एकाच सेशनमध्ये दोन जिल्हे चालले तर एक दुसऱ्याची निवड पुसतो. म्हणून प्रत्येक जिल्ह्याला विनंतीच्या मेटामधून (meta) वेगळा कुकीजार (cookiejar, कुकींचा स्वतंत्र संच) द्या. तो पुढच्या विनंतीला आपोआप जात नाही, दर वेळी हातानं द्यावा लागतो. मी इथंच दोन दिवस अडकलो होतो.

हे दुरुस्त केलं तरी माझा सल्ला हाच राहील की जॉब एकमेकांच्या पोटात ठेवूच नका. बाहेरच्या जॉबनं फक्त समित्यांची यादी करून एसक्यूलाइटच्या (SQLite, एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) टेबलात लिहावी: समितीचा कोड, जिल्ह्याचा कोड, पत्ता आणि 'बाकी' किंवा 'झालं' असा एक रकाना. आतला जॉब त्या टेबलातून 'बाकी' ओळी उचलेल. आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पूर्वी मधेच लाईट गेली की सगळं पहिल्यापासून करावं लागायचं, आता राहिलेल्या समित्याच चालतात. कुठली समिती अडकली तेही टेबल उघडलं की दिसतं. स्क्रेपीची जॉबडिर (JOBDIR) सोय थांबलेला जॉब पुढं चालवते, पण त्यात आपल्याला वाचता येईल असं काही नसतं.

कोड म्हणालो ते मुद्दाम. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावावर टेबल जोडलं असेल तर जुना आणि नवा डेटा दोन वेगळे जिल्हे होऊन बसतो. ड्रॉपडाउनमध्ये नावामागं जी व्हॅल्यू असते, ती धरा.

वेगही कमी करा. काही सांगितलं नाही तर स्क्रेपी एका डोमेनवर एका वेळी ८ विनंत्या सोडतं. भावाची साइट शेतकरीही बघत असतात, मी १ वर ठेवतो आणि मधे ३ सेकंद थांबतो.

आधी फक्त दोन जिल्हे चालवा आणि प्रत्येकातल्या एका समितीची आवक, किमान आणि कमाल दर ब्राउझरमध्ये उघडून स्वतः ताडून बघा. तरीही नाव चुकलं, तर विनंती पाठवणारं फंक्शन इथं टाका, मी बघतो.