म्हैस नको, बाटल्या आणा

प्रश्न : ताई, नगरपालिकेच्या निवडणुकीत आम्ही वॉर्डातल्या लोकांनी मिळून एका शिवणकाम करणाऱ्या ताईंना अपक्ष उभं करायचं ठरवलंय. मुद्दा एकच, पाणी. चौथ्या दिवशी येतं आणि येतं तेही गढूळ. आमच्याकडे पैसा नाही, बॅनर नाहीत, गाड्या नाहीत. पोरांचं म्हणणं आहे की म्हशीच्या गळ्यात नगराध्यक्षांच्या नावाची पाटी अडकवू, बँड लावून मिरवणूक काढू, रील व्हायरल झालं की एका दिवसात गावभर नाव होईल. मोठी माणसं नको म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, लक्ष वेधून घेण्यात काहीच गैर नाही हे आधी सांगते, कारण ज्यांच्याकडे पैसा आहे ते चौकाचौकात फ्लेक्स लावून लक्ष विकतच घेतात, तुमच्याकडे तो नाही मग डोकं चालवायलाच हवं. प्रश्न एवढाच की बघणाऱ्याच्या लक्षात शेवटी काय राहतं.

१९७२ चं बघा. दुष्काळ, महागाई, रेशनच्या रांगा. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या, कुठल्याच पक्षात नसलेल्या गृहिणीही आल्या, आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यांनी लाटणी हातात घेऊन मोर्चे काढले, रिकाम्या थाळ्या बडवल्या. आता लाटणंच का? तेल, साखर, धान्य मिळेना, मिळालं तर परवडेना, आणि त्याची झळ आधी कुणाला तर जी बाई दोन्ही वेळा पोळपाटासमोर बसते तिला. लाटणं विकत आणावं लागत नाही, ते प्रत्येक घरात असतंच, त्यामुळे जी बाई आयुष्यात कधी मोर्चाला गेली नव्हती ती पण कणकेचा हात पुसून तेच लाटणं घेऊन खाली उतरू शकत होती. आणि फोटो बघितला की भाषण न ऐकता कळायचं की ह्या बायका कशासाठी आल्यात. माझ्या मते यातच सगळं आलं, हातातली वस्तूच मागणी बोलली पाहिजे आणि ज्याला त्रास होतोय त्याच्याच हातात ती दिसली पाहिजे.

मृणालताई १९६१ साली महापालिकेत निवडून आल्या होत्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, म्हणून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. १९७७ ला त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या आणि घोषणा गाजली, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' एवढी चपखल घोषणा एखाद्या जाहिरात कंपनीला पैसे देऊन सुचली नसती, ती लोकांच्या तोंडी बसली कारण तिच्यामागे नळाला आलेलं पाणी होतं.

आता तुमची म्हैस. रील चालेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यात पाणी कुठेय? तुमच्या उमेदवार ताई कुठेयत? बघणारा म्हैस आणि नगराध्यक्ष एवढंच लक्षात ठेवणार, वर नगराध्यक्षांना सहानुभूती मिळणार, बदनामीची तक्रार करायला कारण मिळणार, आणि प्रचारात जनावर आणलं म्हणून अधिकाऱ्यांची नोटीस आली की तुम्ही पाण्याबद्दल बोलायच्या ऐवजी म्हशीबद्दल खुलासे देत बसणार. शिवाय बँडच्या गोंगाटात मुक्या जनावराचे हाल होतात ते वेगळेच. वॉर्डातल्या बायका, ज्यांच्या मतांवर तुमची ताई निवडून येणार, त्या हे रील पुढे पाठवतील का ते एकदा घरात विचारून बघा.

त्यापेक्षा असं करा. पाणी येईल त्या दिवशी प्रत्येक घराने एक पारदर्शक बाटली थेट नळाखाली धरून भरायची. वर कागद चिकटवायचा, तारीख, गल्ली, नळ किती वाजता आला, किती वाजता गेला. चार-पाच पाळ्या हे करा. मग सगळ्या बायकांनी आपापली बाटली घेऊन चालत जायचं, नगरपालिकेच्या आवारात रांगेने मांडायच्या, एक स्वच्छ पेला ठेवायचा आणि पाणीपुरवठा अभियंत्यांना हात जोडून म्हणायचं, साहेब एक घोट घ्या. बस. आरडाओरडा नको. निवेदन मात्र हातात हवं, त्यात मागणी नेमकी हवी म्हणजे फिल्टर कधी साफ केला त्याची तारीख सांगा, दिवसाआड पाणी कधीपासून देणार ते लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. बाटल्यांवरच्या तारखा म्हणजे तुमचा पुरावा, उद्या कुणी म्हणालं एखाद्या दिवशी गढूळ येतं तर रांग दाखवायची.

आचारसंहिता असेल तर पोलिसांची आणि निवडणूक अधिकाऱ्यांची परवानगी आधी काढा, जो काही खर्च होईल तो उमेदवाराच्या खर्चात दाखवा, आणि लहान मुलांच्या हातात बाटल्या देऊन पुढे उभं करू नका. केंद्रीय निवडणूक आयोगाने २०२४ च्या लोकसभेआधी प्रचारात मुलं वापरू नका असं स्पष्ट बजावलं होतं, आणि नियम बाजूला ठेवला तरी ते बरं दिसत नाही.

प्रश्न : मी विधानसभेला अपक्ष उभा राहणार आहे. अनामत रक्कम एक रुपयाच्या नाण्यांत भरली तर पेपरात फोटो येतो, असं मित्र सांगतात. भरू का?
— एक वाचक, जालना

उत्तर : फोटो येतो, खरंय. पण विधानसभेची अनामत १०,००० रुपये आणि २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया किंवा त्यावरची नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंतच वैध चलन धरली जातात, त्यामुळे अधिकाऱ्याने हरकत घेतली तर शेवटच्या दिवशी पळापळ तुमचीच. आणि पोती मोजत कोण बसतं? तिथला कारकून, ज्याचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नाही. हां, तुम्ही जर खरंच गावोगाव फिरून घरटी एक-एक रुपया गोळा केला असेल तर ती गोष्ट फार मोठी आहे, पण मग फोटो नाण्यांचा नको, ज्यांनी रुपया दिला त्या गावांच्या नावांची वही घेऊन जा आणि ती दाखवा. बँकेतून सुटे आणून पोतं भरणार असाल तर सोडून द्या.

प्रश्न : असल्या नाटकांनी राजकारण थिल्लर झालंय असं नाही वाटत? आमच्या काळी विचारांवर सभा व्हायच्या.
— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : काका, तुमची चीड समजते, शाईफेक आणि टॉवरवर चढणं बघून मलाही वाईट वाटतं. पण सगळं एका मापाने मोजू नका. १२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून चालत निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. गाडीने जाऊन एका दिवसात उचलता आलं असतं की! पण रोज एक गाव, रोज एक सभा, रोज पेपरात बातमी, आणि निघायच्या आधी व्हाइसरॉयला पत्र पाठवून काय करणार ते सांगून टाकलेलं. डोळ्यांत भरेल असं करायचं हे पक्कं ठरवून केलेलं होतं आणि त्यात विचार काही कमी नव्हता. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याला तर मी स्टंट म्हणूच शकत नाही, तिथे ती कृती हीच मागणी होती, आणि नंतर कोर्टात दहा वर्षं लढून १९३७ ला हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला.

आपल्या डोळ्यांदेखतचं सांगायचं तर २०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च. ६ मार्चला नाशिकहून निघाला, साधारण १८० किलोमीटर, बहुतेक आदिवासी शेतकरी, वनहक्काच्या जमिनी नावावर करा ही मोठी मागणी. ११ तारखेला ते सायनच्या सोमय्या मैदानात मुक्कामाला होते आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून दिवसभर चाललेली माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचली. सोललेल्या तळपायांचे फोटो सगळ्यांनी बघितले, पण मुंबई विरघळली ती या रात्रीच्या चालण्याने, लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. सरकारने लेखी आश्वासन दिलं. पुढे अंमलबजावणी रखडली म्हणून २०१९ आणि २०२३ ला ते पुन्हा निघाले हेही लक्षात ठेवायला हवं.

उलट बाजूही सांगते. २०१७ ला तामिळनाडूचे शेतकरी दिल्लीत जंतरमंतरवर कवट्या घेऊन बसले होते. ४१ दिवस. लक्ष टिकवायला रोज काहीतरी जास्त करावं लागलं, तोंडात उंदीर धरले, एक दिवस कपडे काढून पळाले. मला त्यांचा राग येत नाही, त्यांना तिथवर ढकलणाऱ्यांचा येतो. पण आज कुणालाही विचारा, उंदीर आठवतात, कर्जमाफी आणि दुष्काळी मदतीची मागणी आठवत नाही. एकदा ही चढाओढ सुरू झाली की थांबायचं कुठे ते कळत नाही, म्हणून कार्यकर्त्यांना मी सांगते की एकच गोष्ट करा, नीट करा आणि मग त्यावर महिनोन्‌महिने बसून राहा.

प्रश्न : आम्ही खड्ड्यांवर आंदोलन केलं, खड्ड्यात झाडं लावली, एकही चॅनेल आलं नाही. काय चुकलं?
— एक वाचक, बचत गट सदस्य, ठाणे जिल्हा

उत्तर : ताई, खड्ड्यात झाड हे आता दर पावसाळ्यात कुणी ना कुणी करतं, त्याची बातमी होत नाही. बंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी २०१५ मध्ये रस्त्यातल्या भल्या मोठ्या खड्ड्यात खराखुरा वाटेल असा मगरीचा पुतळा ठेवला, २०१९ ला अंतराळवीराच्या वेशातला माणूस खडबडीत रस्त्यावर चंद्रावर चालल्यासारखा चालवला, तेही चांद्रयान मोहीम सगळ्यांच्या तोंडी होती तेव्हा, आणि महापालिकेची माणसं दुरुस्तीला लागली. तुम्ही त्यांची नक्कल नका करू. तुमच्याच रस्त्यावर काय घडतं ते शोधा. गरोदर बाईला त्या रस्त्याने रिक्षात नेताना काय होतं हे तुमच्या गटातल्या बायकांइतकं कुणाला माहितीये?

चॅनेलचं म्हणाल तर सकाळी ११ च्या सुमाराला ठेवा, दुपारनंतर ठेवलं तर छोट्या गावातल्या वार्ताहराला बातमी पाठवायला वेळ पुरत नाही. आदल्या दिवशी पाच ओळींची प्रेसनोट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्यात रस्त्याचं नाव, टेंडर कधी निघालं, काम कुणाकडे आहे हे माहिती अधिकारात काढलेलं असेल तर फारच उत्तम. फोटो तुमच्यातल्याच एकीने आडवे काढायचे, चेहरे दिसतील असे, आणि बोलायला एकच बाई ठरवायची. चॅनेल नाही आलं तरी स्थानिक पेपरला ते फोटो संध्याकाळच्या आत गेले पाहिजेत.