ड्रायर दोन तास चालवूनही कपडे ओलसर निघतात, काय करू?
भाऊ, मेकॅनिकला बोलवायच्या आधी ड्रायरची रुई अडवणारी जाळी काढून नळाखाली धरा, पाणी वरच थांबलं तर फॅब्रिक कंडिशनरचा थर बसलाय, तो डोळ्याला दिसत नाही, जुन्या टूथब्रशने साबण लावून घासा आणि वाळवूनच परत बसवा. आमच्याकडे नागपुरात मागच्या जुलैत हेच झालं, पण जाळी स्वच्छ होती, मशीन भिंतीला टेकून मागचा पाइप पार चपटा झालेला, चार बोटं पुढे ओढली अन् आईच्या सुती साड्या तासाभरात कोरड्या! दमट हवा बाहेर गेलीच पाहिजे. प्लग काढून पाइपातली रुईसुद्धा साफ करा, ती पेट घेते, खरंच. ड्रम ठासून भरू नका. कपडे गरमच होत नसतील तर मात्र हीटर किंवा थर्मल फ्यूज (मशीन जास्त तापली की वीज तोडणारा) गेला असेल, तिथे मेकॅनिकच पाहिजे.