आवर्तसारणीत उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात, मग अणू लहान का होतो? आणि अपवाद पाठच करावे लागतात का?

तुम्ही अकरावीत आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत. लिथियमकडून फ्लोरिनकडे जाताना दर घराला एक इलेक्ट्रॉन वाढतो, तरी अणू आक्रसत कसा जातो? आणि क्लासमध्ये कोणता गुणधर्म कुठल्या दिशेने वाढतो ते दाखवणारी बाणांची आकृती देतात, अपवादांची वेगळी यादी देतात, ती घोकण्यावाचून गत्यंतर नाही का? मी पुण्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: घोकू नका. ज्या कारणाने बाण तयार झाले त्याच कारणाने अपवाद झालेत, आणि ते कारण अपवादांतच जास्त स्पष्ट दिसतं.

आता आकाराबद्दल. इलेक्ट्रॉन वाढतो तेव्हा केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, पुढे जाताना नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, नवं कवच उघडत नाही. म्हणजे ओढणारा प्रभार वाढला, पण अंतर वाढवणारं काही घडलं नाही. अर्थात बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची सगळी ओढ जाणवत नाही, बाकीचे इलेक्ट्रॉन ती काही प्रमाणात झाकतात. किती झाकतात याचा सोपा हिशेब जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये मांडला. लगतच्या आतल्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ इतका प्रभार झाकतो, त्याच कवचातला सोबती मात्र फक्त ०.३५. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणूक बघायला उभं राहिलेल्याला हे लगेच पटेल: पुढच्या रांगेतल्या माणसामुळे गणपती दिसत नाही, शेजारच्यामुळे फारसं अडत नाही.

हिशेब स्वतः करून बघा. लिथियममध्ये ३ प्रोटॉन, आतले दोन इलेक्ट्रॉन मिळून १.७० झाकतात, उरले १.३०. बेरिलियममध्ये ४ प्रोटॉन, आतल्यांचे १.७० आणि सोबत्याचे ०.३५ वजा केले की उरले १.९५. पुढे प्रत्येक घराला ०.६५ ची भर पडत जाते आणि फ्लोरिनपाशी आकडा ५.२० होतो. चौपट ओढ, कवच तेच! अणुत्रिज्या लिथियमची १५२ पिकोमीटर, बेरिलियमची १११, बोरॉनची ८८, कार्बनची ७७, नायट्रोजनची ७४, ऑक्सिजनची ६६. (काही तक्त्यांत निऑनची त्रिज्या एकदम मोठी दिसते. त्याचे बंध होत नसल्याने ती वेगळ्या पद्धतीने मोजलेली असते. तिची तुलना फ्लोरिनशी करू नका.)

गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली उतरताना गोष्ट वेगळी आहे, आणि इथे बरीच मुलं अर्धवट उत्तर लिहितात. ‘ओढ कमी होते’ एवढंच लिहून भागत नाही. स्लेटरच्या हिशेबाने सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा प्रभार २.२० आहे, म्हणजे लिथियमपेक्षा जास्तच. पण तो इलेक्ट्रॉन आता तिसऱ्या कवचात आहे, आणि अंतर वाढल्याचा परिणाम प्रभार वाढल्याच्या परिणामाला पुरून उरतो. म्हणून आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, लिथियमला ५२०, सोडियमला ४९६, पोटॅशियमला ४१९, सीझियमला ३७६ किलोज्यूल प्रति मोल अशी उतरत जाते. प्रयोगशाळेत पाण्यावर सोडियमचा कण सुंई करत धावतो आणि पोटॅशियम पाण्याला लागताच जांभळट ज्योतीने पेटतो, त्यामागे हा सैल इलेक्ट्रॉन आहेच.

कवचाचा परिणाम किती जबरदस्त असतो ते बघायचं असेल तर सोडियमची दुसरी आयनन ऊर्जा पाहा. पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४९६, दुसरा काढायला ४५६२, नऊपटीहून जास्त, कारण तो आतल्या कवचातून ओढून काढायचा असतो. मॅग्नेशियमला मात्र ७३८ आणि १४५१, आणि भिंत तिसऱ्या इलेक्ट्रॉनला लागते: ७७३३. मिठात सोडियमवर एकच धनप्रभार का आणि मॅग्नेशियमच्या संयुगांत दोन का, हे या आकड्यांतच लिहिलेलं आहे. संयुजा पाठ करायची गोष्टच उरत नाही.

आता अपवाद. दुसऱ्या आवर्तात आयनन ऊर्जा चढत जायला हवी, पण ती दोनदा घसरते. बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१. नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४. कवचात इलेक्ट्रॉनांच्या वेगवेगळ्या जागा असतात, त्यांना कक्षक म्हणतात. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन २पी कक्षकात जातो. तो २एसपेक्षा वरच्या ऊर्जेचा असतो आणि २एसमधले दोघं त्याला थोडं झाकतातही, म्हणून तो निघायला सोपा. ऑक्सिजनचं कारण निराळं आहे. नायट्रोजनमध्ये तीन पी-कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन स्वतंत्र राहतो. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी कक्षकात जोडीने राहावं लागतं, दोघांत प्रतिकर्षण होतं, आणि एक सहज बाहेर पडतो. ‘अर्धभरलेलं कवच स्थिर असतं’ हे वाक्य नोट्समध्ये असतं. ते चुकीचं नाही, पण त्याने कारण सांगितल्यासारखं वाटतं आणि सांगितलेलं काहीच नसतं. प्रतिकर्षण लिहा.

एक प्रयोग मात्र सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, चष्मा घालून, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली. दाढीनंतर लावतात ती तुरटी पाण्यात विरघळवा. तीत अ‍ॅल्युमिनियम असतं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं विरल द्रावण थेंबथेंब सोडा. आधी पांढरा, जेलीसारखा साका धरतो. थेंब टाकतच राहा, आणि तो साका हळूहळू विरून द्रावण पुन्हा नितळ होतं. दुसऱ्या परीक्षानळीतला तसाच साका आम्लात टाकला तर तोही विरघळतो. आता हेच मॅग्नेशियम सल्फेट घेऊन करा. साका येतो, आम्लात विरघळतो, पण अल्कली कितीही ओतली तरी हलत नाही.

तिसऱ्या आवर्तातली ही सख्खी शेजारी मूलद्रव्यं. मॅग्नेशियम आयनाची त्रिज्या ७२ पिकोमीटर आणि प्रभार दोन, अ‍ॅल्युमिनियम आयनाची जेमतेम ५४ आणि प्रभार तीन. इतका लहान आणि इतका प्रभारित आयन ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून घेतो, बंध सहसंयुजतेकडे झुकतो आणि हायड्रॉक्साइड आम्लासारखंही वागू लागतं. याच वाटेने पुढे गेलं की सोडियमचं आम्लारिधर्मी ऑक्साइड एका टोकाला आणि गंधक, क्लोरिन यांची तीव्र आम्लधर्मी ऑक्साइडं दुसऱ्या टोकाला का, ते समजतं. पुस्तकातली ‘उभयधर्मी’, म्हणजे आम्ल आणि अल्कली दोन्हींशी अभिक्रिया करणारं, ही व्याख्या वाचून जे कळत नाही ते त्या नितळ होणाऱ्या नळीत दिसतं.

आणखी एक अपवाद फ्लोरिनचा, थोडक्यात. तो क्लोरिनच्या वर आहे, तरी इलेक्ट्रॉन घेताना बाहेर पडणारी ऊर्जा क्लोरिनची ३४९ आणि फ्लोरिनची ३२८. फ्लोरिनचं दुसरं कवच इतकं आटोपशीर आहे की आधीच्या सात इलेक्ट्रॉनांच्या दाटीत नवा शिरताना प्रतिकर्षण सोसतो. विद्युतऋणतेत, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्यात, मात्र तोच पहिला, ३.९८.

पुढे खालच्या आवर्तांत गेलात की मजा वाढते. अ‍ॅल्युमिनियमखालचं गॅलियम मोठं असायला हवं, पण त्रिज्या १४३ वरून सुमारे १३५ वर येते आणि आयनन ऊर्जा ५७८ च्या आसपास जवळजवळ तेवढीच राहते. मध्ये दहा संक्रमण मूलद्रव्यं येऊन गेलेली असतात. त्यांच्यामुळे दहा प्रोटॉन वाढले, पण डी-कक्षकातले इलेक्ट्रॉन झाकण्यात कच्चे, एफमधले तर त्याहून कच्चे. म्हणून लँथॅनाइडांच्या चौदा घरांनंतर येणारं हाफनियम आकाराने वरच्या झिर्कोनियमएवढंच निघतं, १५९ आणि १६०. रासायनिकदृष्ट्या ही दोघं इतकी सारखी की हाफनियम झिर्कोनियमच्या खनिजांत बेमालूम मिसळून होतं आणि १९२३ मध्ये कोपनहेगनला कॉस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरण वर्णपटावरून ते ओळखलं. आजही याची किंमत मोजावी लागते. तारापूरच्या अणुभट्ट्यांमध्ये इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. हाफनियम मात्र ते भराभर शोषतं. त्यामुळे दोघांना वेगळं करावंच लागतं, आणि हे काम कष्टाचं आहे.

तुम्ही आता एवढं करा. आलेख-कागद घ्या, आडव्या अक्षावर अणुअंक १ ते २०, उभ्यावर पहिली आयनन ऊर्जा. आकडे पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात मिळतील. बिंदू हाताने जोडा, मोबाइलवर काढू नका. मॅग्नेशियमनंतर मोठी घसरण आणि फॉस्फरसनंतर अगदी छोटी, १०१२ वरून १०००, बरोबर बोरॉन-ऑक्सिजनच्या खालच्या जागी दिसायला हवी. ती का आली हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहा आणि अडलात तर इथेच खाली विचारा, मी बघून उत्तर देईन.