दोन सारखेच फिके रंग, निवडायचा कोणता?

शेडकार्डावर दोन्ही सारखेच दिसणार, त्यावरून ठरवू नका. दोन्हींच्या मागे पांढराशुभ्र कागद धरा. मग एकात पिवळसर किंवा गुलाबी झाक दिसेल, दुसऱ्यात हिरवट किंवा निळसर. खरा फरक तिथे असतो. एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडाही बघा (0 काळा, 100 पांढरा), पण दोघांत एक-दोनचाच फरक असेल तर सोडून द्या.

नमुना थेट भिंतीवर नको, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि पुठ्ठा उभाच धरून बघा, फरशीजवळ, सोफ्यामागे. रात्री तर बघाच! 2700 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पिवळ्या उजेडात करडा रंग बेज वाटतो, 6500च्या पांढऱ्यात तोच निळसर. दिवे बदलायचे असतील तर आधी ते बदला, मग रंग ठरवा.