केस धुताना रडणारी मुलगी

प्रश्न : आमची मुलगी दोन वर्षांची आहे. अंगावर पाणी घेताना ती आनंदात असते. परंतु केस धुण्यासाठी डोक्यावर गडवा ओतताच किंचाळून रडू लागते. काय करावे? – एक आई, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : आपल्या मुलीला पाण्याची नव्हे, तर चेहऱ्यावर अचानक येणाऱ्या पाण्याची भीती वाटत असावी, कारण त्या क्षणी डोळे झोंबतात आणि श्वास अडखळतो. म्हणून तिला बसवून वरून पाणी ओतणे आधी थांबवावे. तान्ह्या बाळाला आपल्याकडे पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालतात. तीच पद्धत या वयातही उपयोगी पडते. पाटावर बसून तिला पायांवर उताणे घ्यावे, मानेखाली एक हात द्यावा आणि दुसऱ्या हाताने लहान गडव्यातून कपाळाच्या वरच्या कडेपासून मागच्या बाजूला बारीक धार सोडावी. डोळ्यांवर कोरड्या पंच्याची घडी तिला स्वतःच धरू दिली, तर अधिक धीर येतो. प्रत्येक वेळी पाणी ओतण्यापूर्वी तिला सांगावे. नकळत ओतलेल्या पाण्याने मुलाचा विश्वास मोडतो, असे मला ठामपणे वाटते.

शिकेकाई डोळ्यांत गेल्यास फार आग होते, त्यामुळे तूर्त लहान मुलांचा सौम्य शाम्पू थोडासाच वापरावा. आठवड्यातून दोनदा पुरे. भरलेल्या बादलीजवळ तिला क्षणभरही एकटे सोडू नये. चुलीवरचे पाणी विसणून कोपराने तपासावे. वैशाखात आपल्याकडे छतावरच्या टाकीतील पाणीही चटका बसण्याइतके तापते, तेव्हा तेही तपासूनच घ्यावे.