बॅशच्या बिल्टइन कमांडचं डॉक्युमेंटेशन अपडेट करायचं तर नेमकी कोणती फाइल बदलायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या कॉलेजच्या लिनक्स लॅबसाठी बॅश या शेलच्या (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) बिल्टइन, म्हणजे त्याच्या आतच असलेल्या, कमांडची टिपणं तुम्ही नव्यानं लिहिताय. 'मॅन' (मॅन्युअलचं पान दाखवणारी कमांड) एक सांगतो, 'हेल्प' (बॅशची स्वतःची मदत) दुसरंच, आणि सापडलेल्या चुका मूळ बॅशकडेही पाठवायच्या आहेत. मग हात कुठं घालायचा? (कमांड इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

निम्मा घोळ चुकीचं पान उघडल्यामुळंच होतो. 'मॅन इको' दिलं की जे पान उघडतं ते बिल्टइनचं नसतं, कोअरयुटिल्स या लिनक्सच्या मूलभूत कमांडच्या संचातल्या वेगळ्या प्रोग्रामचं असतं. खात्री करायला 'इको --व्हर्जन' देऊन बघा. बॅशचा इको तेच शब्द जसेच्या तसे छापतो, '/बिन/इको --व्हर्जन' मात्र खरोखर आवृत्ती सांगतो. म्हणून प्रत्येक कमांडसाठी आधी 'टाइप -ए' चालवा, त्या नावानं काय काय आहे ते सगळं दिसतं. 'टाइम'वर हेच केलंत तर तो बिल्टइनसुद्धा नाही, शेल कीवर्ड (शेलच्या भाषेतला राखीव शब्द) आहे असं कळेल. बिल्टइनची पूर्ण यादी 'कॉम्पजेन -बी' देतं. टिपणांची अनुक्रमणिका त्यावरून करा, आठवणीवरून नको.

आता मूळ मुद्दा. बॅशमध्ये एकाच बिल्टइनचं वर्णन तीन ठिकाणी हातानं लिहिलेलं असतं. 'हेल्प'मध्ये दिसणारा मजकूर सोर्सच्या 'बिल्टइन्स' फोल्डरमधल्या '.डेफ' फाइलीत असतो, मॅन पान 'डॉक/बॅश.1' मध्ये आणि मोठं मॅन्युअल 'डॉक/बॅशरेफ.टेक्सी' मध्ये. एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही, त्यामुळंच तुम्हाला तफावत दिसते. 'बिल्टइन्स.1' नावाची चौथी फाइल दिसेल, तिच्या नादी लागू नका. तिच्यात स्वतःचं काही नसतं, ती 'बॅश.1' मधलाच भाग उचलून दाखवते.

सुरुवात '.डेफ' पासून करा, कारण तिथं डॉक्युमेंटेशन आणि कोड एकाच फाइलीत शेजारी बसलेत. 'रीड.डेफ' उघडा. डॉलरनं सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे निर्देश. '$शॉर्ट_डॉक' पुढची ओळ म्हणजे वापराचा सारांश, त्याखाली सविस्तर मजकूर आणि '$एंड' ला तो संपतो. '$शॉर्ट_डॉक'ची ओळ फक्त 'हेल्प -एस' मध्ये दिसते असं समजू नका. कुणी चुकीचा ऑप्शन दिला की एररखाली जी 'युसेज' ओळ येते, ती हीच. आणि सविस्तर मजकुराची पहिली ओळ 'हेल्प -डी' एकटीच उचलतं, म्हणून ते वाक्य एका ओळीत पुरं झालं पाहिजे. दोन ओळींत मोडलंत तर 'हेल्प -डी' अर्धवट वाक्य दाखवणार.

त्याच फाइलीत खाली 'इंटर्नल_गेटऑप्ट' शोधा. त्याला दिलेली अक्षरांची माळ म्हणजे कमांड खरोखर घेते ते ऑप्शन. अक्षरापुढं विसर्गासारखी दोन टिंबं असतील तर त्या ऑप्शनला किंमत लागते. ही माळ एका बाजूला, तिन्ही फाइलींतला मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक अक्षर टिक करा. राहून गेलेला ऑप्शन यातून हमखास सापडतो. काम कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक बिल्टइनला दहा मिनिटांच्या वर लागत नाही.

ऑप्शनपेक्षा जास्त चुका 'एक्झिट स्टेटस'च्या (कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे यश) वर्णनात असतात, आणि विद्यार्थी अडकतात तेही तिथंच. उदाहरण घ्या. जिल्ह्याचे 12 तालुके एका फाइलीत, ओळीला एक, करवीरपासून चंदगडपर्यंत. शेवटच्या ओळीनंतर एंटर दिलेला नाही. 'व्हाइल रीड'च्या लूपनं ती वाचली तर 11 च तालुके छापले जातात, चंदगड गायब. कारण फाइल संपली की 'रीड' शून्येतर स्टेटस देतं, व्हेरिएबलमध्ये 'चंदगड' भरलेलं असलं तरीही. लूप स्टेटस बघतो, व्हेरिएबल बघत नाही. 'मॅपफाइल -टी' (सगळ्या ओळी एकदम वाचून यादीत भरणारं बिल्टइन) नं तीच फाइल वाचली तर बाराही येतात. 'फाइल संपल्यास शून्येतर' एवढंच लिहून वाचकाला हे उमगत नाही. 'व्हेरिएबल तरीही भरलेलं असू शकतं' हे वाक्य जोडाच. 'रीड -टी' ची वेळ संपली तर स्टेटस 128 पेक्षा मोठं येतं, तेही सांगा. तसंच हिशोब करणाऱ्या 'लेट'चं आणि त्याचंच दुसरं रूप असलेल्या '((...))' चं. हिशोबाचं उत्तर शून्य आलं की स्टेटस 1. म्हणून 'सेट -ई' (चूक आली की थांबा) लावलेल्या स्क्रिप्टमध्ये 'आय' हे व्हेरिएबल शून्य असताना '((आय++))' लिहिलं की स्क्रिप्ट तिथंच गप्प मरते. '((++आय))' लिहिलं तर चालते, कारण पहिलं रूप वाढवण्याआधीची किंमत देतं, दुसरं वाढवल्यानंतरची.

मराठी मजकूर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट टिपणांत हवीच. 'प्रिंटएफ'मध्ये '%-20एस' लिहिलं तर बॅश 20 अक्षरं नाही, 20 बाइट मोजतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, आणि काना-मात्रा-हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'कागल' म्हणजे 4 चिन्हं, 12 बाइट, पुढं 8 मोकळ्या जागा पडतात. 'पन्हाळा' म्हणजे 7 चिन्हं, 21 बाइट, त्यापुढं एकही जागा नाही. तक्ता वाकडा दिसणार, यात फॉन्टचा दोष नाही. उलट 'रीड -एन 3' बाइट न मोजता चिन्हं मोजतं (लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, यूटीएफ-8 असेल तर), म्हणून 'कोल्हापूर'मधून 'कोल' हातात येतं. म्हणजे रुंदी किंवा संख्या लिहाल तिथं ती बाइटची की चिन्हांची, हे स्पष्ट लिहा.

आवृत्तीचा उल्लेख टाळू नका. 'मॅपफाइल' 4.0 मध्ये आलं, 'वेट -एन' 4.3 मध्ये, 'वेट -पी' 5.1 मध्ये. मॅकवर मिळणारा बॅश अजून 3.2 आहे, तिथं 'मॅपफाइल' दिलं की कमांड सापडत नाही असं सरळ उत्तर येतं. वेगवेगळ्या आवृत्त्या एकाच मशीनवर चालवू देणाऱ्या डॉकरमध्ये 'डॉकर रन -आयटी --आरएम बॅश:3.2' आणि त्याच धर्तीवर 4.4, 5.2 उघडून प्रत्येक उदाहरण चालवून बघा. आणि चाचणी बॅशमध्येच करा: उबुंटू-डेबियनवर 'एसएच' म्हणजे डॅश हा वेगळा शेल, त्याचा 'इको' बॅकस्लॅश-एन ला नवी ओळ समजतो, बॅशचा आपणहून समजत नाही.

मॅन पान सुधारताना ऑप्शनच्या आडव्या रेघेआधी बॅकस्लॅश घालायला विसरू नका. नुसती रेघ दिली तर ग्रॉफ (मॅन पान मांडून दाखवणारा प्रोग्राम) ती छपाईची हायफन म्हणून बदलू शकतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण पानातून कॉपी केलेली कमांड चालत नाही आणि पानात शोधल्यावर तो ऑप्शनही सापडत नाही. बदल झाल्यावर 'मॅन ./बॅश.1' नं पान उघडून बघा, चुका शोधायला 'मॅनडॉक -टी लिंट' चालवा, टेक्सी फाइल 'मेकइन्फो'तून (तिचं मॅन्युअल बनवणाऱ्या प्रोग्राममधून) काढा आणि 'मेक' नं सोर्समधून बॅश नव्यानं तयार करून नव्या बॅशमध्ये 'हेल्प रीड' बघा.

'हेल्प'चा मजकूर उगाच चकचकीत करायला जाऊ नका. त्याची भाषांतरं गेटटेक्स्टमधून (प्रोग्राममधल्या मजकुराची भाषांतरं जोडणाऱ्या व्यवस्थेतून) होतात आणि एका बिल्टइनचा अख्खा सविस्तर मजकूर ही एकच नोंद असते. एक स्वल्पविराम हलवला तरी ती नोंद जुळत नाही, आणि अनुवादक नवी फाइल देईपर्यंत त्या भाषेतल्या वाचकाला इंग्रजीच दिसतं. माहिती चुकीची असेल तरच तिथं हात लावा.

पाठवताना बॅशच्या सोर्सच्या 'डेव्हल' (चालू कामाच्या) शाखेवरून डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, काढा, कारण तुम्हाला सापडलेली चूक तिथं आधीच दुरुस्त झालेली असू शकते. एका पॅचमध्ये (पाठवायच्या दुरुस्तीत) एकच बिल्टइन, पण तिन्ही फाइलींतला बदल एकत्र. चूक कळवायची 'बॅशबग' कमांड तुमची आवृत्ती आणि मशीनची माहिती स्वतःच भरते; त्याखाली चूक दाखवणारी दोन-तीन ओळींची कमांड आणि मिळालेलं आउटपुट चिकटवा. लॅबच्या मराठी टिपणांत मात्र प्रत्येक पानावर वरतीच लिहा, हे कोणत्या आवृत्तीवर तपासलंय ते.