द्राक्ष, भात आणि अरॅबिडॉप्सिसमधली एमवायबी जनुकं मोजून तक्ता केला तर प्रकल्प होईल का?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही हे विचारलंय. एमवायबी म्हणजे दुसरी जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचं कुटुंब. तक्ता जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा रोपात आर२आर३ गटाची (ज्यांच्या प्रथिनात आर२ आणि आर३ असे दोन एमवायबी तुकडे लागोपाठ असतात) १२६ जनुकं आहेत, द्राक्षातही शंभरावर. यातून हाती काय लागलं? अरॅबिडॉप्सिसच्या पूर्वजांत अख्खा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, आणखी दोनदा दुप्पट झाला, द्राक्षाच्या वाट्याला ते आलं नाही. त्यामुळे द्राक्षातल्या एका जनुकासमोर अरॅबिडॉप्सिसमध्ये दोन-तीन उभी राहू शकतात.

मी तुमच्या जागी असतो तर या कुटुंबाच्या वंशवृक्षातली रंगाची एकच फांदी धरली असती. आपण नाशिकचे, उदाहरण बांधावरच आहे. दिंडोरी-निफाडकडे थॉमसनचे हिरवे घड आणि शरद सीडलेसचे काळे घड शेजारी-शेजारी दिसतात. सालीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य बनवायचा हुकूम देतात एमवायबीए१ आणि एमवायबीए२ ही दोन जनुकं. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या (म्हणजे आपल्या हिरव्या) द्राक्षांत एमवायबीए१च्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या अलीकडच्या भागात, ग्रेट१ हा रेट्रोट्रान्सपोझॉन (स्वतःची प्रत करून जीनोममध्ये दुसरीकडे घुसणारा डीएनएचा तुकडा) घुसलाय. जनुकाचा प्रथिनाचा भाग शाबूत, पण ते चालूच होत नाही. शेजारचं एमवायबीए२ वेगळ्या बदलांनी निकामी झालंय. म्हणजे प्रथिनांवरून मोजणी केली तर हिरव्या वाणात आणि काळ्या वाणात एमवायबीए१ सारखंच मोजलं जाणार! म्हणून प्रत्येक जनुकाच्या अलीकडचा दोनेक हजार बेसचा तुकडाही काढून ठेवा.

याच फांदीवर अरॅबिडॉप्सिसची एमवायबी७५, ९०, ११३ आणि ११४ आहेत. त्यातली शेवटची तीन पहिल्या गुणसूत्रावर ओळीने बसलेली आहेत. नावातल्या आकड्यांवरून नातं ठरवू नका, वंशवृक्ष आणि गुणसूत्रावरचा शेजार दोन्ही बघा.

निवडताना एका जनुकाचं एकच प्रथिन ठेवा, नाहीतर स्प्लाइस प्रकारांनी, म्हणजे एकाच जनुकापासून बनणाऱ्या वेगवेगळ्या प्रतींनी, आकडा फुगतो. मग अलाइनमेंट (प्रथिनांचे क्रम एकाखाली एक लावलेली मांडणी) डोळ्यांनी तपासा, हे काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. आर२ मध्ये ठरावीक अंतरावर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तीनदा दिसतं. आर३ मध्ये पहिल्या ट्रिप्टोफॅनच्या जागी बहुधा फेनिलॲलानिन किंवा आयसोल्युसिन ही दुसरी अमिनो आम्लं असतात. ज्यात असा एकच आर तुकडा आहे, ती जनुकं वेगळी काढा.

आणि तीन वनस्पतींच्या जोडीला अँबोरेला घ्याच. सपुष्प वनस्पतींत सगळ्यात आधी वेगळी झालेली ही शाखा, जीनोम २०१३ पासून उपलब्ध आहे. ती असली की कुठली दुप्पट जुनी आणि कुठली नंतरची, हे वंशवृक्षावर सरळ वाचता येतं.